जिंकलेल्या बसचा परतीचा रस्ता

जबाब

नाव : आत्या. (ओळखपत्रावरचे नाव वेगळे टिपून घेतले आहे. जबाब देणारीचे म्हणणे, त्या नावाने हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही.)
वय : सदुसष्ट किंवा त्याच्या आसपास.
शिक्षण : चौथी. पाचवीत नाव होतं, मी नव्हते.
धंदा : मुलींच्या निवासी शाळेत वसतिगृहाची देखरेख. म्हणजे उठवणं, निजवणं आणि त्याच्या मधलं सगळं.
राहणार : शाळेच्या वसतिगृहात, जिन्याखालची खोली.

मी, वर लिहिलेली आत्या, कोणी जबाब मागितला नसताना आपण होऊन ठाण्यात हजर राहून सांगते की, तुमच्या आतल्या बाकावर जो माणूस बसवलाय तो आमच्या बसचा ड्रायव्हर. त्याचा परवाना तुम्ही काढून घेतलाय. तक्रारीत म्हटलंय की त्यानं परवानगी नसताना शाळेची बस मुलींसकट भलतीकडे नेली. नेली हे खरं. पण न्यायला मी सांगितलं. तो नको म्हणत होता. गुन्हा नोंदला गेला तर त्याला जन्मात कोणी शाळेची बस चालवायला देणार नाही, आणि त्याला दुसरं काही येत नाही. म्हणून हा जबाब. मी सांगते तसं लिहा. मध्येच सुधारू नका.

हवालदारांनी विचारलं, घटना नक्की किती वाजता घडली. मी घड्याळ वापरत नाही. उन्हं कलली होती आणि मुलींना भूक लागली होती. त्यावरून काय वाजले ते तुम्ही काढा.

विचारल्यावरून सांगते की, आज सगळ्या शाळांचे खेळ होते. आमच्या शाळेकडून मुलींचा रस्सीखेचेचा संघ गेला होता, आणि बस भरायला म्हणून ओरडणाऱ्या मुली. मोठी माणसं तीन. एक ड्रायव्हर. एक खेळाच्या बाई, ज्यांना मुली शिट्टीबाई म्हणतात, कारण शिट्टी त्यांच्या तोंडात नसली तर त्या ओळखू येत नाहीत. तिसरी मी. मला पाठवतात ते पाण्याच्या बाटल्या मोजायला आणि कोणी उलटी केली तर बघायला.

आमची शाळा खेळात कधी जिंकत नाही. हे लिहिलं तरी चालेल, सगळ्यांना माहीत आहे. कपाटात कप ठेवायचा म्हणून एक फळी केली आहे, तिच्यावर आम्ही इस्त्री ठेवतो.

समोर मोठी शाळा होती. त्यांच्या सगळ्या मुलींचे बूट एकसारखे. आमच्यातल्या एकीच्या बुटाला चिकटपट्टी लावली होती, ती मीच लावली होती. पहिली खेच आम्ही हरलो. दोराच्या मधलं लाल फडकं असं सुटलं की बघता बघता त्यांच्याकडे. शिट्टीबाई एवढ्या ओरडल्या की त्यांचा आवाजच बसला. बसला म्हणजे पार. तोंड हलत होतं आणि आत पॉलिश पेपर घासावा तशी खरखर. हे नीट लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा मी रेघेपाशी जाऊन मुलींना म्हटलं, "अगं, दोर काय ओढताय? पांघरुणं पिळायची आहेत असं समजा."

हवालदारांनी याचा अर्थ विचारला. अर्थ असा की आमच्याकडे मशीन नाही. जाड पांघरुणं मुली स्वतः धुतात आणि जोडीनं पिळतात. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आधी पीळ घालायचा आणि मग दोघींनी एकदम मागे रेलायचं. तेव्हा म्हणायचं, "पीऽळ, ताण! पीऽळ, ताण!" एकीनं आधी ताणलं की दुसरी मातीत बसते. म्हणून सगळ्यांचा श्वास एक होतो. ओलं पांघरूण म्हणजे काय ते तुम्ही कधी उचललं नसेल.

दुसऱ्या खेचीला मुलींनी "पीऽळ, ताण" सुरू केलं. समोरच्या मुली हसल्या. हसताना दोर ओढता येत नाही. आम्ही जिंकलो. तिसऱ्या खेचीला त्या हसल्या नाहीत, तरी आम्ही जिंकलो. मैदानावर काय झालं ते सांगत बसत नाही. आरडाओरडा झाला, उड्या झाल्या, एक बाटली हरवली.

या सगळ्यात दोराच्या शेवटी जी उभी होती तिचं सांगायला हवं, कारण प्रकरण तिच्यापासून सुरू होतं. तिला सगळ्या खुंटा म्हणतात. अंगानं आडवी, बोलायला महाकंजूस. दोर पाठीवरून घेऊन टाचा रोवल्या की हलत नाही. तिच्या मैत्रिणी हलवून हलवून बघतात आणि खुंटा अजून बळकट होतो. संघात सगळ्यात पुढे एक असते, तिचं नाव चिमणी. ती खुंटाच्या वाटचंही बोलते, त्यामुळे हिशेब बरोबर राहतो.

खुंटाची आई रेल्वेच्या फाटकावर काम करते. गाडी यायची वेळ झाली की फाटक पाडायचं, झेंडा दाखवायचा, गाडी गेली की फाटक वर घ्यायचं. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. मुलींना नव्हतं. खुंटानं कधी सांगितलं नाही, आणि मी दुसऱ्याच्या घरचं सांगत नाही. आमच्याकडे भेटीचा रविवार असतो, आईबाप येतात. खुंटाची आई आलेली नाही. रविवारी तिच्या बदलीचा माणूस मिळत नाही, आणि फाटक मोकळं टाकून येता येत नाही. त्या दिवशी खुंटा माझ्याकडे येते आणि म्हणते, "आत्या, पांघरुणं पिळायची आहेत का?" भेटीच्या रविवारी पांघरुणं धुवायची नसतात. मी भिजवून ठेवते.

आता रस्त्याचं. आम्ही परत निघालो. मैदानाबाहेर रस्ता फुटतो तिथे ड्रायव्हरनं हमरस्त्याच्या बाजूचा दिवा लावला. हा माणूस शाळेच्या आवारातसुद्धा वळताना दिवा लावतो. कुत्रं आडवं आलं तर गाडी थांबवून त्याला जाऊ देतो, आणि मागून दुसरं येतंय का तेही बघतो. असल्या माणसावर तुम्ही बस पळवल्याचं लिहिताय.

मी उठून म्हटलं, "थांब. दिवा बंद कर. आज रस्ता मुली ठरवणार."

तो म्हणाला, "म्हणजे काय, आत्या?"

म्हणजे नियम. विचारल्यावरून सांगते की, आमच्या शाळेत नियम आहे, बाहेर जाऊन जिंकलं तर परतीचा रस्ता मुलींनी ठरवायचा. हा आताच्या मुख्याध्यापिका बाईंच्या आधीच्याही आधी जे मोठे सर होते, त्यांनी घातला. मुली हरून येताना रडायच्या, बसमध्ये नुसती सुंसुं. तेव्हा सर म्हणाले, एकदा जिंका, मग हव्या त्या रस्त्यानं घरी या. सर निवृत्त झाले. नियमाला कोणी निवृत्त केलं नाही. वापरायची वेळ आजच आली. जुना आहे, पण कोरा आहे.

ड्रायव्हर म्हणाला, "मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "आता सांगतेय ना."

मुलींना नियम कळल्यावर बसमध्ये जे झालं त्यात मला एवढंच ऐकू आलं की एक म्हणते बाजारातून चला, एक म्हणते नदीवरून, एक म्हणते विमानतळावरून. विमानतळ आपल्याकडे नाहीच. मग चिमणी बाकावर चढून ओरडली, "गप्प बसा गं! दोर कोणी धरून ठेवला? खुंटाला विचारा!"

सगळ्यांनी मागे बघितलं. खुंटा शेवटच्या बाकावर कप मांडीवर घेऊन बसली होती, जसं लहान मूल घेऊन बसतात. कपाची कड अंगठ्यानं पुसली. मग म्हणाली, "फाटकावरून."

चिमणी म्हणाली, "फाटकावर काय आहे?"

ती म्हणाली, "फाटक."

मुली म्हणाल्या, शी, एवढी जिंकून फाटक? पण चिमणी म्हणाली, ठरलं म्हणजे ठरलं.

ड्रायव्हरनं मला पुढे बोलावून हळू आवाजात सांगितलं, "आत्या, फाटकावरून फार लांब पडतं. बाईंना विचारायला हवं."

मी म्हटलं, "विचारून करायचं असतं तर नियम कशाला लागतो?"

"माझी नोकरी जाईल."

"जायची झाली तर माझी जाईल. मी म्हातारी आहे, मला सवय होईल. तू वळव."

"नक्की ना, आत्या?"

"अरे, वळव म्हटलं ना!"

त्यानं दिवा लावला, आरशात बघितलं, मागे बघितलं, परत आरशात बघितलं आणि बस वळवली. या घटनेत ड्रायव्हरचा हात एवढाच.

शिट्टीबाईंची परवानगी होती का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली होती. होय म्हणून की नाही म्हणून, ते खडबडीत रस्त्यामुळे सांगता येणार नाही.

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा फाटक पडलेलं होतं. पुढे दुधाची गाडी आणि दोन सायकली. ड्रायव्हरनं बस उभी केली. खुंटाची आई केबिनबाहेर झेंडे घेऊन उभी होती. मी खुंटाला म्हटलं, "उतर." ती उतरली नाही. मी परत म्हटलं. ती कपाकडे बघत बसली. वीस मुली ओढून हलत नाही ती माझ्याच्यानं काय हलणार.

तेवढ्यात चिमणी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "ए, ती बाई बघा! अगदी खुंटासारखी उभी राहते!"

सगळ्या त्या बाजूला धावल्या, बस कलली. पाय फाकवून, टाचा रोवून, मान ताठ. खरंच तसंच उभं राहणं. मुली आधी हसल्या, मग एकेक करून मागे बघायला लागल्या.

खुंटा म्हणाली, "आई आहे."

बसमध्ये शांतता झाली. या मुलींना मी वर्षानुवर्षं रात्री गप्प बसवतेय, पण अशी शांतता मला कधी जमली नाही. मग एकदम किंकाळी. मुली खिडक्या बडवायला लागल्या, "आई! आई! खुंटाची आई!" दारातून अशा बाहेर सांडल्या की गोणी फाटावी.

आणि नेमक्या त्याच वेळी शिट्टीबाईंचा फोन वाजला.

फोन मुख्याध्यापिका बाईंचा होता, हे नंतर कळलं. बाईंना मैदानावरून जिंकल्याचा निरोप गेला होता. त्यांनी उरलेली शाळा दारात उभी केली होती, हातात ताटं आणि चमचे देऊन, बस दिसली की वाजवायची म्हणून. बस येईना. म्हणून त्यांनी फोन लावला. त्यांना काय ऐकू आलं? मुलींच्या किंकाळ्या, "आई, आई" असा आकांत, आणि त्यात शिट्टीबाईंचा आवाज, जसा कोणी गळा धरल्यावर येतो तसा, "बाई... आम्ही... फाटक..." आणि मग फोन बंद. फोन बंद पडला तो बॅटरी संपल्यामुळे. दिवसभर त्याच्यावर फोटो काढले होते.

कोणीही ठाण्यात धावलं असतं. मी बाईंना दोष देत नाही. हे लिहा. बाई इथे आल्या तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, अजून आहेत. हे लिहू नका. बरं, लिहा. त्यावरून मला कळलं की बाई कशा आहेत. नाहीतर एरवी त्या फार टापटीप, पडद्यांना चुण्या मोजून घालतात.

पुढे सांगते की, मुली उतरल्यावर खुंटाच्या आईनं पहिल्यांदा ओरडून सांगितलं, "पांढऱ्या रेघेच्या मागे! मागे सरा! कुठल्या शाळेची ही फौज?"

मुली मागे सरल्या, आणि मधून खुंटा कप घेऊन पुढे आली.

आईनं तिला बघितलं. गाडी यायची होती, त्यामुळे तिनं झेंडा खाली केला नाही. म्हणाली, "रुळाकडे पाठ करून उभी राहू नकोस."

खुंटा फिरून तिच्या शेजारी उभी राहिली. दोघी रुळाकडे तोंड करून. गाडीला उशीर होता, तोवर तशाच उभ्या.

बऱ्याच वेळानं फाटकाच्या पलीकडून तुमची जीप आली, भोंगा वाजवत. फौजदार साहेब उतरले आणि ओरडले, "ए बाई, फाटक उघड! पोलीस!"

ती म्हणाली, "गाडी येतेय, साहेब."

"मुली पळवल्यात! तपास आहे!"

"तपास गाडी गेल्यावर."

"अगं, मी फौजदार आहे!"

"असाल. गाडीला ते माहीत नाही."

फौजदार साहेब मग फाटकाला हात लावून, टाचा उंचावून बघत राहिले. पळवलेल्या मुली त्यांना पलीकडून हात करत होत्या. साहेबांनी मला ओरडून विचारलं, "मुली सुखरूप आहेत का?" मी म्हटलं, "कान नाहीत का तुम्हाला?" हे रागानं म्हटलं नव्हतं. साहेब शेजारीच बसलेत, त्यांना विचारा. ते हसताहेत, म्हणजे तसंच असणार.

गाडी आली. खुंटाच्या आईनं हिरवा झेंडा धरला आणि खुंटानं तिच्या शेजारी दोन्ही हातांनी कप डोक्यावर धरला. कोणी सांगितलं नव्हतं. इंजिनवाल्यानं आधी झेंडा बघितला, मग कप, मग मागे नाचणाऱ्या मुली, आणि एवढी लांब शिट्टी दिली की ती शेवटचा डबा जाईपर्यंत थांबली नाही. डब्याडब्यातून लोक हात हलवत होते. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं. शिट्टीबाई रडत होत्या. मी रडले का, हे विचारायचं कारण नाही. डोळ्यांत धूळ जाते, रुळाजवळ असं होतं.

गाडी गेल्यावर आईनं झेंडे गुंडाळले, खुंटाचे हात उलटे करून तळवे बघितले. दोरानं सोलवटले होते. म्हणाली, "तेल लावलंस?"

खुंटा म्हणाली, "आत्यानं लावलं."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आमची ओळख एवढीच.

मग ती लेकीला म्हणाली, "हँडल घे."

खुंटानं कप चिमणीकडे दिला. त्या फाटकाला बाजूला एक हँडल आहे, ते फिरवलं की दांडा वर जातो. जड असतं. खुंटानं दोन्ही हातांनी धरलं, टाचा रोवल्या, पाठ ताठ केली आणि फिरवायला लागली. आता चिमणीला पांघरुणाचं आठवलं की काय कोणास ठाऊक, तिनं सुरू केलं, "पीऽळ, ताण!" सगळ्यांनी धरलं. दुधाच्या गाडीवाल्यानंही धरलं. फाटक वर गेलं. तेव्हा मला कळलं की ही पोर मैदानात शिकलेली नाही. शाळेत यायच्या आधी ती रोज हेच करायची, आईच्या हाताखाली. एवढे दिवस मी ते माझ्या पांघरुणांचं श्रेय समजत होते. असो.

फाटक उघडल्यावर फौजदार साहेब जीप घेऊन अलीकडे आले आणि ड्रायव्हर कोण म्हणून विचारलं. ड्रायव्हरनं हात वर केला, शाळेत करतात तसा. मी म्हटलं, त्याचं काही नाही, मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, ठाण्यात चला, तिथे बोलू. बस आली तीही तोच चालवत, साहेब त्याच्या शेजारी बसून. एवढा भरवसा होता तर परवाना कशाला काढून घेतला, असं माझं म्हणणं. साहेब म्हणतात, पद्धत असते.

निघताना केबिनमधला फोन वाजला म्हणून खुंटाची आई आत गेली. फोन ठेवल्यावर ती लगेच बाहेर आली नाही. आमच्याकडे पाठ करून उभी होती. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. खुंटाला एवढंच म्हणाली, "दिवेलागणीला माझा बदली येतो." रविवारी मिळत नाही, पण आज रविवार नाही.

वाटेत जीप पुढे, दिवा फिरतोय, मागे आमची बस. मुलींना वाटलं, जिंकल्याबद्दल पोलीस मिरवत नेताहेत. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मुली राणीसारख्या हात हलवत होत्या. मी काही सांगितलं नाही. एवढ्या वर्षांनी जिंकल्यात, मिरवू देत.

हवालदार, खिडकीबाहेर काय बघताय? लिहा. बाहेर मुलींनी बसमधला सरावाचा दोर काढलाय आणि तुमच्या शिपायांना बोलावलंय, ते मलाही दिसतंय. शिपाई हरणार. त्यांनी पट्टे काढायला हवे होते.

यानंतर मुख्याध्यापिका बाई खोलीत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. त्यांचं आणि माझं जे बोलणं झालं तेही घ्या, कारण तक्रार त्यांची आहे.

बाई म्हणाल्या, "आत्या, एक फोन करता आला नाही तुम्हाला? मी काय काय मनात आणलं, माहीत आहे?"

मी म्हटलं, "करायला हवा होता. चुकलं." ते चुकलंच. त्यांच्या पायांकडे बघून मला जास्त काही बोलवेना.

बाई म्हणाल्या, "आणि हा रस्त्याचा नियम कुठे लिहिलाय? मी सगळी नियमावली वाचली आहे."

"सकाळी उठून तोंड धुवायचं हे तरी कुठे लिहिलंय?"

"ते लिहिलंय, आत्या. मीच लिहिलंय. पान तीन."

"मग हेही लिहा. पान चार."

फौजदार साहेबांना खोकला आला. बाईंनी आपल्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तिची आई कधीच आली नाही म्हणून मी तिला पत्र पाठवणार होते. मुलीकडे लक्ष देत नाही म्हणून. अर्धं लिहूनही झालं होतं."

मी म्हटलं, "फाडा."

बाई म्हणाल्या, "हो."

मग त्या उठून साहेबांना म्हणाल्या की तक्रार मागे घेते, ड्रायव्हरकडून काही चूक झालेली नाही, गैरसमज माझा होता. साहेबांनी ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि ड्रायव्हरला बाहेर बोलावून परवाना परत दिला. ड्रायव्हरनं तो दोन्ही बाजूंनी बघितला, पुसला, खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. मग मला म्हणाला, "आत्या, नोकरी?"

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "अहो, मुलींना तुमच्याइतक्या जपून नेणारा दुसरा कुठून आणू?"

त्यावर तो साहेबांना म्हणाला, "साहेब, घाईत बस तुमच्या आवारात उलट्या तोंडानं लागली आहे. दंड नाही ना होणार?"

साहेब म्हणाले, "नाही होणार. पण पुढच्या वेळी जिंकलात तर आधी ठाण्याला कळवा."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्हाला इथवर ऐकू येईल."

बाहेर आत्ता जो ओरडा झाला तो कसला, असं हवालदारांनी विचारलं. तुमचे शिपाई हरले. हरणारच होते, मघाशी सांगितलं होतं.

आता शेवटचं. चिमणी आत्ताच दारातून डोकावून गेली. तिचं म्हणणं की बस अजून शाळेत पोचलेली नाही, म्हणजे परतीचा रस्ता संपलेला नाही, म्हणजे नियम चालू आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मुलगी बरोबर बोलते, पोचेपर्यंत रस्ता त्यांचा. बाईंनी विचारलं, मग कुठून जायचं ठरलंय. चिमणी म्हणाली, परत फाटकावरून. दिवेलागण होत आली आहे, बदली येईल, खुंटाच्या आईला बसमध्ये घ्यायचं आणि शाळेत जेवायला न्यायचं. खुंटाची खाट कुठली आहे ते तिला दाखवायचं. खुंटानं स्वतः सांगितलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. चिमणीला खोटं बोलायची सवय आहे म्हणून मी खिडकीतून खुंटाला विचारलं. तिनं मान हलवली, आणि वर म्हणाली, "तिला पांघरुणं पण दाखवायची आहेत." एका दिवसात एवढं बोलणं म्हणजे तिचं महिन्याचं झालं.

बाईंनी शाळेत फोन करून सांगितलं की ताटं खाली ठेवू नका, थोडा उशीर होईल. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "मला पुढचं सीट नको. मी मागे मुलींत बसते." त्यांनी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आहेत आणि त्या बसकडे निघाल्या आहेत. मला आणखी थांबवू नका. मला पाण्याच्या बाटल्या मोजायच्या आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना ते दोनदा हसले, ते सोडून बाकी सगळं मी बोलले तसंच उतरलं आहे. कोणी दमदाटी केली नाही, चहा दिला, तो पातळ होता. सही येते, अंगठा नको. सही केली आहे. अक्षर लागत नसेल तर चष्मा लावा. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. तो कधीही वाजवत नाही.